रिकामी गोफण

“मानसांस्नी दाणा मिळंना, आन् हितं पाखरांची पंगत बसलीया!”

आमच्या साताऱ्याच्या बंगल्याच्या कुंपणाबाहेरून दोन बायका रेशनच्या दुकानावरून रिकाम्या पिशव्या घेऊन परत चालल्या होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, पण आत ऐकू जाईल अशा बेताने. मी पेरूच्या झाडाखाली बसले होते. शेजारी तात्या उकिडवे बसले होते. मान न वळवता ते म्हणाले, “व्हय बाई, बसलीया. या की तुमीबी. चिमणीशेजारी जागा हाय.” बायका हसल्या. मीही हसले. ते बोलणं माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, कचेरीपर्यंत पोहोचेल, असं तेव्हा मनातही आलं नाही.

तात्या आमचे माळी. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला विटका तांबडा पटका आणि कमरेला गोफण. फुलझाडांना पाणी घालणाऱ्या माणसाला गोफण कशाला, असं येणारा-जाणारा विचारी. तात्या मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. एका दुष्काळात पोरवयातच कृष्णाकाठी आले आणि दुसऱ्यांच्या जोंधळ्यात चार खांबांच्या माळ्यावर उभे राहून पाखरं हाकलू लागले. अर्धं आयुष्य त्यात गेलं. “समदी उमर पाखरांस्नी जा म्हनलो,” ते सांगत, “आता म्हातारपनी या म्हंतोय. एकदम कशी इस्वास ठेवतील?”

त्या विश्वासासाठी त्यांनी जे केलं, ते मी सुट्टीत पाचगणीच्या इंग्रजी शाळेतून घरी आले की पाहत असे. नारळाच्या करवंटीला तीन भोकं पाडून ती काथ्याने फांदीला टांगायची. तळाला आणखी एक बारीक भोक, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. मुंग्या उतरू नयेत म्हणून काथ्याला एरंडेलात भिजवलेली चिंधी. खाली पाण्याचं खापर, आणि त्यात मधोमध एक दगड. दगड कशाला, हे मी विचारलं नव्हतं, पण त्यांनी उत्तर दिलं : “पिल्लू बुडालं तर कशाला धरंल?” करवंटीत घालायचे ते खळ्यावरचे झाडून आणलेले, माती मिसळलेले जोंधळे. चांगलं धान्य त्यांनी कधी घातलं नाही. ते तर त्यांच्या स्वतःच्या भाकरीलाही पुरत नव्हतं.

शाळेत मला न बोलण्याबद्दल ओरडा बसे. घरी पाहुण्या बायका मला ‘मडम’ म्हणत, कारण मराठी बोलताना मी शब्द शोधत थांबायची. मग मी बोलणंच सोडून दिलं होतं. तात्यांना मात्र माझं गप्प बसणं हा गुण वाटे. “पाखराकडं बघायचं न्हाई, ताईसाहेब. त्याला आपल्याकडं बघू द्यायचं. लोकांस्नी ह्ये जमत न्हाई. तुमाला न शिकवता येतंय.” एकदा मी त्यांना शाळेच्या पुस्तकातलं लाल छातीच्या विलायती पाखराचं चित्र दाखवलं. बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, “ह्ये आपल्याकडचं न्हवं. छाती बघा कशी फुगिवलीया, सायबावानी.” त्या सुट्टीत एक होला माझ्या पायापासून हातभर अंतरावर येऊन दाणे टिपून गेला. तात्या नुसते पटक्याच्या सोग्याआडून हसले.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होती आणि धान्यवाटपाचं काम अण्णांकडे होतं. अधिकाऱ्याच्या बागेत पाखरं जोंधळे खातात, असा निनावी अर्ज त्यांच्या वरिष्ठांकडे गेला. अण्णा वाईट नव्हते, घाबरले होते. संध्याकाळी त्यांनी तात्यांना व्हरांड्यासमोर उभं केलं. “आजपासून एक दाणा टाकायचा नाही. आणि पाखरंही रस्त्यावरून दिसता कामा नयेत. तुला हाकलता येतात ना? हाकल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी कमरेची गोफण सोडली. दगड लावला नाही. रिकामी गोफण डोक्याभोवती फिरवून ते झटका देत आणि फट्ट असा आवाज निघे. पेरूवरच्या चिमण्या भुर्रकन उडत, कुंपणावर जाऊन बसत आणि तांबडा पटका ओळखून परत येत. ज्या पटक्याने त्यांना या म्हटलं होतं, तोच आता जा म्हणत होता, आणि त्यांना ते कळत नव्हतं. तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी तात्या खापरापाशी बसले आणि हात चोळत म्हणाले, “राखनीला व्हतो तवा हात कवा दुखला न्हाई.”

मी खिडकीत होते. अण्णांना सांगावं असं फार वाटलं. मनात वाक्य तयार झालं, तेही इंग्रजीत, आणि तिथेच राहिलं. त्याऐवजी मी दुसरंच केलं. दुपारी सगळे पडले की स्वयंपाकघरातल्या डब्यातून मूठभर जोंधळे परकराच्या ओच्यात घेऊन विहिरीच्या मागे टाकू लागले. तिथून रस्ता दिसत नाही, एवढाच विचार केला होता. पाखरं दिसतील, ती विहिरीवर घिरट्या घालतील आणि अण्णा एक दिवस लवकर घरी येतील, हा केला नव्हता.

अण्णांनी तात्यांना विहिरीमागे बोलावलं. मी मागच्या दाराशी उभी होते. “सांगूनही ऐकलं नाहीस,” अण्णा म्हणाले. “माझी नोकरी घालवणार आहेस का?”

तात्यांनी वाकून चार दाणे उचलले आणि तळहातावर घेतले. ते स्वच्छ होते, निवडलेले, टपोरे. त्यांत मातीचा कण नव्हता. त्यांना एका क्षणात सगळं कळलं, हे मला दारातून दिसलं. मी अगदी समोर होते. तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जवळ आलेलं पाखरू बुजू नये म्हणून ते पाहत नसत, अगदी तसंच.

“चुकी झाली, साहेब.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

मी बोलले नाही. तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं.

तात्यांनी अवजारांच्या खोलीची किल्ली पायरीवर ठेवली. फाटकाशी मी त्यांना गाठलं, पण तिथेही नुसती उभी राहिले. त्यांनीच माझी सुटका केली. “ऱ्हाऊ द्या, ताईसाहेब. पानी तेवढं ठेवत जावा. पान्याला रेशन न्हाई.” गोफण त्यांनी कमरेला नव्हे, पिशवीत घातली होती. विट्याच्या मोटारीने ते गावाकडे गेले, असं नंतर समजलं. पुढे अण्णांनी आटपाडीकडे दोनदा निरोप धाडला, स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. तात्या आले नाहीत आणि उत्तरही आलं नाही. आज माझ्या अंगणात खापर आहे, त्यात मधोमध दगड आहे. ते पाहून कुणी कुणी मला विचारतं, दगड कशाला.

पण निरोप, पत्र हे सगळं नंतरचं. तात्या गेल्यावर चौथ्या दिवशी अण्णा जेवून हात धुवायला विहिरीवर गेले. हातावर पाणी घालायला मी तांब्या घेऊन सोबत होते. काठावर चिमण्या, साळुंक्या आणि तो होला ओळीने बसले होते. खाली एकही दाणा नव्हता. मी टाकणं बंद केलं होतं. पाखरं नुसती वाट पाहत होती.

“तात्या गेला,” अण्णा वैतागून म्हणाले, “मग ही अजून कुणासाठी येतात?”

मी तांब्या खाली ठेवला.

“माझ्यासाठी,” मी म्हणाले. “अण्णा, दाणे मी टाकत होते.”