ओहोटीची सुट्टी

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात, हॉस्पिटलात माझ्यासोबत एक्स-रे काढणारा एक वसईकर होता. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की तो मला होडीत घालून खाडीत मासे पकडायला न्यायचा. गळ टाकण्याआधी क्रुसाची खूण करून देवाचे आभार मानायचा.

"आधी मासा तर मिळू दे," मी म्हणायचो.

"माशाचे नाही रे, रविवारचे मानतोय."

एकदा त्याने भरतीचं वेळापत्रक चुकीचं वाचलं आणि ओहोटीत होडी चिखलात रुतली. काठावर मगरी, त्यामुळे उतरायची सोय नाही. माझा जीव अर्धा झाला. त्याने शांतपणे सुक्या बोंबलाचा डबा उघडला, पुन्हा खूण केली.

"इथे रेंज नाही, सहा तास पेजरसुद्धा वाजणार नाही. असं कधी मिळतं?"

संध्याकाळी पाणी चढलं, होडी हलली. "इतक्यात?" असं मीच म्हणालो.