बाबांचं कव्हर लेटर आणि पुण्याहून आलेला फोन

मागच्या महिन्यात आमच्या घरी नोकरीसाठी एक कव्हर लेटर लिहिलं गेलं... माझं नाही, बाबांचं. वय वर्षं त्रेसष्ट!

आम्ही ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत राहतो. बाबा सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले आणि त्यानंतर हळूहळू गप्पच होत गेले. सकाळी किला गेटपर्यंत फिरून यायचं, पेपर वाचायचा आणि मग उरलेला दिवस कसा काढायचा हे त्यांना कळायचं नाही. आईला त्याचीच काळजी लागली होती.

मी इथेच इंदरगंजच्या एका ऑफिसात भरतीचं काम बघते, रोज ढीगभर अर्ज वाचते. त्यात एके दिवशी पुण्याच्या एका टूर कंपनीची जाहिरात दिसली. मराठी प्रवाशांचे ग्रुप घेऊन ते ग्वाल्हेरला येतात, त्यांना इथला माणूस हवा होता, मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणारा. वयाची अट नव्हती. मी ती बाबांना फॉरवर्ड केली. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून लॅपटॉप मागितला... मी मनात म्हटलं, चला, जमलं!

दोन पानं लिहिली त्यांनी. सुरुवात थेट 'सविनय निवेदन है कि', मग मराठीत 'मी कर्तव्यदक्ष, प्रामाणिक व वक्तशीर असून'... आणि खाली सगळ्या बदल्या, सगळी प्रमोशन्स, क्रमवार. शेवटी 'कृपाभिलाषी'.

मला हसू आलं, पण दाबलं. म्हटलं, "बाबा, यातलं काही खोटं नाही. पण पुण्यात बसून हे अर्ज वाचणारी बाई तुम्हाला ओळखत नाही ना. आपले प्रवासी या माणसाच्या हाती सोपवले तर आपल्याला टेन्शन नाही, एवढंच तिला कळायला हवं."

ते दुखावले. जन्मभर सरकारी पत्रंच लिहीत आलोय, म्हणाले, आणि गच्चीवर निघून गेले. मला वाटलं, संपलं... आता हा माणूस पुन्हा लॅपटॉपला हात लावायचा नाही.

आई मेथी निवडत सगळं ऐकत होती. ती म्हणाली, अगं, ते अमरावतीचे लोक आले होते, ते लिही की.

मी तेव्हा भोपाळला होते, त्यामुळे मला ती गोष्ट अर्धवटच माहीत होती. गच्चीवर जाऊन बाबांच्या शेजारी बसले आणि विचारलं. आधी 'त्यात काय सांगायचं' असं झालं, मग हळूहळू सांगायला लागले.

मागच्या हिवाळ्यात किला गेटपाशी एक मिनी बस बंद पडली होती. आत अमरावतीचे दहा-बारा जण, सगळे कंटाळलेले, ड्रायव्हरशी भांडण चाललेलं. मराठी कानावर पडलं म्हणून बाबा थांबले. एका आजींना गुडघ्यामुळे चालवत नव्हतं आणि त्यांना बाथरूमला जायचं होतं, पण संकोचाने त्या कुणाला सांगत नव्हत्या. बाबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी रिक्षा करून आजींना आणि त्यांच्या सुनेला आमच्या घरी पाठवलं, बाकीच्यांना स्वतः किल्ला दाखवला आणि दुपारी सगळी वरात घरी जेवायला!

बाबा बोलत होते, मी टाइप करत होते. पत्र अर्ध्या पानातच झालं. सुरुवात त्या बंद पडलेल्या बसपासून, मग आपण काय केलं ते, आणि शेवटी 'हे काम मला रोज करायला आवडेल' एवढंच. फक्त एका वाक्यावर बाबा अडून बसले... जेवण माझ्या पत्नीने केलं, हे त्यांना लिहायचंच होतं. मला ते जरा अवांतर वाटत होतं.

"तिने केलेलं काम माझ्या नावावर कसं लिहू?" म्हणाले. मग ठेवलं.

आठवड्याभरात पुण्याहून फोन आला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, फोन असूनही! स्पीकरवर एक तरुण मुलगी, छान आदराने बोलत होती. गाड्या, किल्ल्याची चढण, उन्हाळ्यातल्या वेळा... सगळं विचारून झाल्यावर तिने विचारलं, चिडलेल्या प्रवाशाला कसं सांभाळाल?

बाबा म्हणाले, "आधी बसवेन, पाणी देईन. चिडलेला माणूस बहुतेक वेळा थकलेला असतो."

पलीकडे ती हसली. म्हणाली, काम तुम्हालाच देतेय. आणि पत्रात काकूंच्या स्वयंपाकाचं वाचलं, तर आमच्या ग्रुपला एक वेळचं घरचं जेवण त्या देतील का? आम्ही रीतसर पैसे देऊ.

आई दारातून दोन्ही हातांनी नाही-नाही करत होती. बाबांनी सरळ फोन तिच्या हातात दिला. मला वाटलं, ही आता नम्रपणे नकार देणार... तर तिचा पहिलाच प्रश्न, "किती माणसं असतील? पोळ्यांना बाई लावावी लागेल, ते आधी सांगा."

काल पहिला ग्रुप येऊन गेला. रात्री दोघंही दमून सोफ्यावर बसलेले, आणि पुढच्या वेळी भरली वांगी करायची की कढी, यावर जोरदार चर्चा. घरात इतका आवाज कित्येक महिन्यांनी ऐकला!

कव्हर लेटर कसं लिहावं हे मी इतरांना नेहमी सांगते... समोरच्याची गरज ओळखा, आपण केलेलं एक खरं काम सांगा, थोडक्यात लिहा. आपल्याबरोबर जो राबला त्याचं नाव घ्यायला विसरू नका, हे आता बाबांकडून शिकले. आणि पुण्यातल्या त्या मुलीचे मनापासून आभार... आलेल्या इतक्या पत्रांत तिने आमचं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.