गुरांच्या डॉक्टरची आई

कुमुदकाकूंना कुणी "कशा आहात?" विचारलं, की त्या म्हणायच्या, "दिसतेय तशी." शनिवार पेठेत आमची दारं समोरासमोर. मी विचारणंच सोडून दिलं होतं.

लेकीबद्दल मात्र त्या आपणहून सांगत. "ऋचा अमेरिकेत डॉक्टर आहे." कसली, असं कुणी पुढे विचारलं, की काकूंना गॅसवरचं दूध आठवायचं. ऋचा आयोवात गुरांची डॉक्टर होती. सगळ्या बिल्डिंगला ते माहीत होतं. काकूंसमोर बोलायची हिंमत कुणाची?

काका गेल्यावर काकू पहिल्यांदाच तिच्याकडे गेल्या. आठवड्यात फोन आला. "अगं, नजर जाईल तिकडे मका, आणि खायला एक कणीस नाही! सगळा गुराडुकरांसाठी. शेजारच्या शेतातलं एक तोडून भाजलं, तर दात हलला. मंडईत कुणी हात लावला नसता." शेतकऱ्यानं ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो गोड मक्याची पिशवी दारात ठेवून गेला. "बरा आहे माणूस," काकू म्हणाल्या. यापलीकडे त्यांनी कधी कुणाचं कौतुक केलेलं मला आठवत नाही.

थंडीत एका सकाळी त्याचीच गाय विताना अडली. ऋचाबरोबर काकूही गेल्या, नाक मुरडतच. गोठ्यात लेक खांद्यापर्यंत हात घालून, घामानं निथळत गायीला समजावत होती, "थोडं अजून, बाई माझी." वासरू बाहेर आलं ते निपचित. "आई, काहीतरी दे पुसायला!" काकूंनी अंगावरची शाल काढून दिली, जिला त्या आम्हाला हातसुद्धा लावू देत नसत, ती. मग स्वतःच गुडघ्यावर बसून वासराला खसाखसा चोळू लागल्या. ते शिंकलं. मायलेकी एकमेकींना धरून रडल्या.

परत आल्यावर हळदीकुंकवात कुणीतरी म्हणालं, "ऋचा डॉक्टर ना? माझ्या गुडघ्याचं विचाराल का?"

"तुम्हाला चार पाय असते, तर विचारलं असतं," काकू म्हणाल्या. "गुरांची डॉक्टर आहे ती." आणि सगळ्यांना समोर बसवून त्यांनी वासराची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली.

यंदा त्या कायमच्याच लेकीकडे गेल्या. परवा फोनवर मी विचारलं, "दिवसभर करता काय?"

"ऋचाबरोबर गोठ्यात जाते. गायींशी बोलते."

"त्यांना कळतं?"

"ते माहीत नाही. पण तुझ्यासारखं मध्ये बोलत नाहीत."