ओढ्यापलीकडचं मशीन

त्या दुष्काळात चारा छावणीतल्या म्हशी जेमतेम दूध द्यायच्या आणि तेही धारूरच्या डेअरीत पोचेपर्यंत नासायचं. तेव्हा ओढ्यापलीकडच्या गावाने, म्हणजे माझ्या सासुरवाडीने, दूध थंड करणारं मशीन आणायचं ठरवलं. शेअर कुणीही घ्यावा, अशी दवंडीही पिटली.

आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन पेपर बारकाईने वाचायचे. एका बड्या देशाने आपल्या लोकांना वैरी देशाच्या पुढारलेल्या यंत्रांत पैसा घालायला बंदी केली, ही बातमी त्यांनी भर सभेत वाचली आणि टेबलावर हात आपटला. "आपल्याच पैशावर ते मोठे व्हणार अन् उद्या आपलंच दूध पळवणार! जो सभासद तिथं शेअर घेईल त्याचं दूध बंद!" सचिव मी. ठराव घोटीव अक्षरात लिहिला. सगळ्या सभासदांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली. तिथली सोसायटी चालवणाऱ्या मेव्हण्याची जिरणार म्हणून मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मग फितूर हुडकायला मलाच धाडलं. जावयाचा संशय कुणाला येणार? सासऱ्यांकडे चहा ढोसून मी त्यांच्या सोसायटीत डोकावलो. यादी भिंतीवरच लावलेली होती. आमच्या गावचा एकही बाप्या तीत नव्हता. बायका मात्र अकरा होत्या, साऱ्या त्या गावच्या लेकी. पहिलं नाव चेअरमनच्या बायकोचं, तिसरं माझ्या बायकोचं.

छावणीत जाऊन बायकोवर डाफरलो, "मला काहून सांगितलं न्हाईस?"

ती वैरण टाकत म्हणाली, "शपथ तुमी उचलली. मला कुणी बोलवलं व्हतं सभेला?"

हे फुटलं तर पहिलं दूध माझंच बंद होणार होतं, आणि त्या साली म्हशीवरच आमची चूल पेटत होती. म्हणून चेअरमनच्या ओसरीवर जाऊन छातीठोक सांगितलं, "आपला एकबी सभासद त्या यादीत न्हाई." यात खोटं काहीच नव्हतं.

"बघितलंस का बे, ठरावाची दहशत!" चेअरमन खूश झाले आणि त्यांनी आत चहा सांगितला. त्यांच्या बायकोने माझ्या हातात कप दिला आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "भाऊजी, सभासद व्हायला काय लागतं हो? धार काढता यावी लागती का?"

चेअरमन खो खो हसत सुटले. मला हसू येईना. आम्हा दोघांनाही धार काढता येत नव्हती.