तोंडाचा की अंगाचा

बाईचं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. नदीच्या धक्क्यावर, जिथून पाहुण्यांच्या बोटी सुटत, सगळे तिला ‘नाक’ म्हणत. “आधी नाकाला दाखवून या,” असं गाइड लोक आलेल्या पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. जॅकेटच्या रांगेत त्यांचा नंबर लागला की त्यातल्या काहींचं हसू मावळे.

तिचं काम लाइफ जॅकेट चढवण्याचं. एका जॅकेटला पाच पट्टे, त्यातला सगळ्यात वरचा गळ्याशी. तो आवळताना समोरच्याचं तोंड आपल्या तोंडापासून वीतभर लांब असतं. चौदा वर्षं दिवसाला दोनशे तोंडं इतक्या जवळून हुंगल्यावर माणसाला वेगळं यंत्र लागत नाही. रात्री प्यायलेली कुठली आणि बसमधली कुठली, हे ती श्वासावरून सांगे. कुणी वेलची चघळत आला की म्हणे, “दारूला फोडणी दिलीत होय? जेवून, झोपून उद्या या.” आणि बांधलेले पट्टे तटातट सोडी.

प्यालेल्या माणसाला पाण्यात सोडणार नाही, असा फळा मालकाने स्वतः रंगवून घेतला होता. रंग मालकाचा, पाळणूक बाईची. शनिवार-रविवारी टोळकी येत ती नदी बघायला येतच नसत. घरी बायको आणि कचेरीत साहेब, दोघांच्या धाकात आठवडा काढलेले ते बाप्ये इथे वल्हं हातात मिळालं की आरमारप्रमुख होत. पाण्यात बिअरचे डबे फेकत, काठावर कपडे धुणाऱ्या बायांना शिट्ट्या मारत, दुसऱ्या बोटीवर वल्ह्याने पाणी उडवून शिव्या देत. आणि बोट कलली की तेच शूरवीर गाइडच्या कमरेला मिठी मारून आईला हाका मारत.

त्या गाइडांतला एक बाईचा धाकटा भाऊ. तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. पाण्यात जन्मल्यासारखा वावरे म्हणून त्याला ‘बदक’ म्हणत. नदीकचेरीच्या तीन परीक्षा देऊन त्याने गाइडचा पितळी बिल्ला मिळवला होता. बिल्ला असेल तर पाण्यावर काम, नसेल तर काठावर हमाली. दारूचं म्हणाल तर त्याने आयुष्यात एकदा घोट घेतला होता, तोही सर्दीवर औषध म्हणून, आणि ओकला होता.

त्या रविवारी दुपारी आठ जण आले. सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे शर्ट, पाठीवर कंपनीचं नाव. बाईने पहिल्या तिघांचे पट्टे बांधले आणि बांधल्या बांधल्या सोडले. चौथा त्यांचा साहेब. तो म्हणाला, आम्ही पूर्ण बोट घेतलीय, तू कोण हुंगणारी. बाईच्या नाकावर राग कायमच बसलेला असे, तेवढ्याने तो तोंडात उतरला. ती म्हणाली, “मी हुंगणारीच आहे. कुत्र्याला चोर कळतो, मला बेवडा कळतो.”

बोभाटा झाला. मालक धावत आला. त्याने आधी पिवळ्या शर्टांची माफी मागितली आणि मग बाईला बाजूला घेऊन सांगितलं की जरा नाक आवरा, वर्षभर यांच्याच कंपनीची माणसं येणार आहेत. मग स्वतःच्या हाताने त्याने त्या तिघांना जॅकेटं चढवली. बाई फळ्याखाली हात बांधून उभी राहिली. भावाने लांबून तिच्याकडे बघितलं आणि खांदे उडवले. मालकाने बोटीत घातलेला माणूस उतरवायचा अधिकार बिल्ल्याला नव्हता.

बोट सुटायच्या आधी पिवळ्या शर्टांनी शेवटचे दोन डबे फोडले आणि ‘कॅप्टनला आंघोळ’ म्हणून बदकाच्या डोक्यावर उपडे केले. फेस केसांतून मानेवर, मानेवरून शर्टात. त्याने तोंड पुसलं आणि हसला. पाहुण्यांनी थट्टा केली की हसायचं, हे त्या धंद्यात न शिकवताच येतं.

तिसऱ्या वळणाला, जिथे धार दगडांमधून चिंचोळी होते, एक जण नाचायला उभा राहिला. त्याला खाली ओढायला दुसरा उभा राहिला आणि दोघांची गंमत टिपायला साहेब. एका बाजूला तीन उभे, मग बोट काय करील? सहा जण पाण्यात गेले. बदकाने बोटीतूनच एकेकाला जॅकेटला धरून बाहेर काढलं. सगळे वाचले. एकाचा गुडघा दगडावर फुटला. अंधार पडेपर्यंत बदक त्याचा पाय मांडीवर घेऊन, फळकुटं बांधून बसला होता, कारण त्या वळणापर्यंत गाडी येत नाही. बदकाचं तोंड तपासायचं त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टर आला तोही फक्त गुडघ्याकडे बघत होता.

चौथ्या दिवशी नदीकचेरीत चौकशी लागली. गुडघेवाला सोडून सात पिवळे शर्ट आले, आता इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टांत. सातांचं एकच म्हणणं: कॅप्टन प्यायलेला होता, बोटभर त्याचाच वास येत होता.

आदल्या संध्याकाळी मालक बाईच्या घरी आला होता. खुर्चीवर बसला नाही, उंबऱ्याशीच उभा राहिला. म्हणाला, “बाई, मी काही शिकवायला आलो नाही. तुम्ही फक्त खरं सांगा. तुमचं नाक आजवर खोटं बोललेलं नाही.” चौदा वर्षांत मालकाने तिच्या नाकाची केलेली ती पहिली स्तुती. बाई सुखावली. पाहुण्यांचं पोट ओळखणारी बाई, मालकाचं तिला ओळखता आलं नाही.

चौकशीच्या दिवशी कारकुनापुढे छापील कागद होता. सातवा प्रश्न असा: गाइडच्या ठायी दारूचा वास येत होता काय? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही.

बाईने रात्रभर विचार केलेला होता. वास आलाच नाही म्हणावं, तर सात जण तिला खोटी पाडणार, आणि एकदा खोटी पडली की पुढचं कोण ऐकणार? त्यापेक्षा जे आहे ते नेमकं सांगावं. तिच्या कामात सगळं नेमकेपणावरच तर होतं. त्या रात्री बोट परत आल्यावर तिने स्वतः भावाच्या गळ्याचा पट्टा सोडला होता. वीतभर अंतरावरून तिने जे हुंगलं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

“येत होता,” ती म्हणाली. “अंगाला. शर्टाला आणि केसांना, कारण त्यांनी ओतली. तोंडाला नव्हता. तोंडाला भुकेचा वास होता.”

“म्हणजे येत होता.”

“अहो, तोंडाचा आणि अंगाचा वेगळा.”

कारकुनाने कागद उलटासुलटा करून बघितला. त्यात तोंड नव्हतं, अंग नव्हतं, होतं ते फक्त ‘ठायी’. माणसाच्या कुठल्या भागाला ठायी म्हणतात, हे बाईने विचारलंही. कारकून म्हणाला, ते सगळं आमचे साहेब शेऱ्यात घालतील, तुम्ही होयवर खूण करा आणि खाली सही करा. बाईला वाचता येत होतं. तिने वाचलं, शेऱ्याची रिकामी जागा चांगली चार बोटं रुंद आहे हे पाहिलं, आणि सही केली. चार बोटांत तिचं सगळं म्हणणं आरामात मावलं असतं.

दहा दिवसांनी निकाल आला. शेऱ्यात एकच ओळ होती: ‘सख्ख्या बहिणीचीच साक्ष असल्याने शंकेस जागा नाही.’ बिल्ला रद्द, कायमचा. मालकावर ठपका नाही.

बाई तशीच कचेरीत गेली. कारकुनाची मान धरायची तेवढी बाकी ठेवली. तो म्हणाला, साक्ष बदलायची असेल तर आधीची खोटी होती असं लिहून द्या. ती खोटी नव्हती, हेच तर तिचं म्हणणं होतं. मग त्याने हात जोडले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. तिने चार मंगळवार खेपा घातल्या. पाचव्या मंगळवारी शिपायाने दारातच सांगितलं, साहेब जेवतायत. सकाळचे दहा वाजले होते.

मालकाने तिला काढलं नाही. उलट पाहुण्यांना तो तिच्याकडे बोट दाखवून सांगू लागला की आमच्याकडे शिस्त बघा, या बाईने सख्ख्या भावालासुद्धा सोडलं नाही. पाहुणे आदराने बघत. तिसऱ्यांदा ते ऐकल्यावर बाईने हातातलं जॅकेट मालकाच्या गळ्यात अडकवलं, वरचा पट्टा त्याला ठसका लागेपर्यंत आवळला आणि धक्का उतरली, ती पुन्हा चढली नाही.

भाऊ तोवर नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे लागला होता. ती गेली तेव्हा तो फुगवलेली ट्यूब पाण्याच्या टबात दाबून, बुडबुडे कुठून येतात ते शोधत होता. त्याने मान वर केली नाही.

“बघ ताई,” तो म्हणाला, “पाण्यातलंच काम मिळालं.”

तिने सांगायला सुरुवात केली की ती कारकुनाला काय म्हणाली होती, अंगाचं काय, तोंडाचं काय, चार बोटं जागा होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. ट्यूब फिरवून दुसरी बाजू दाबली.

“नाही म्हणायचं होतंस,” तो म्हणाला. “सात जण खोटं बोलले, आठवी तू बोलली असतीस तर नदी आटली नसती.”

“मी खरं तेच सांगितलं रे.”

“हो ना. मी कुठे म्हणतो खोटं सांगितलंस?”

त्याला बुडबुडा सापडला. त्याने त्या जागेवर अंगठा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने, तिच्याकडे न बघता, बसायला स्टूल सरकवलं. बाई उभीच राहिली. एवढ्यात एक गाडी येऊन थांबली, आणि तो ओले हात पुसत तिकडे गेला.