आलमबागेतून बोट चालवताना

पोस्टाने शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से भारी साठतात. वर्गातला मास्तर पोरांवर डाफरून मोकळा होतो. आमची पोरं बोटीवर आणि आम्ही लखनौच्या आलमबागेत, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. डाफरायचं कुणावर?

बोटीवर नोकरी करत ऑफिसरची परीक्षा देणाऱ्यांना आम्ही धडे पाठवायचो, त्यांचे पेपर पोस्टाने यायचे. इराण-इराक युद्ध जोरात होतं आणि आमचे निम्मे विद्यार्थी नेमके आखातातल्या टँकरवर!

*

मला नोकरी कशी लागली ते ऐका. आमचे प्रमुख शुक्लाजी. त्यांनी मुलाखतीत एकच विचारलं, "मराठी हैं? तब तो समुद्र किनारे पले होंगे!"

मी अकोल्याचा, गणिताचा एम.एस्सी. समुद्र पाहिला होता तो एकदा, शाळेच्या सहलीत. म्हटलं, "जी."

पुढे कळलं, शुक्लाजींनी तेवढाही पाहिला नव्हता.

*

माझ्या मुलीने शाळेत सांगितलं, "पापा जहाज़वालों के साथ काम करते हैं. वहाँ लड़ाई चल रही है." दुसऱ्या दिवशी बाईंची चिठ्ठी आली: आपल्या सुखरूप परतीसाठी सगळ्या वर्गाकडून प्रार्थना करवून घेतली आहे.

मी तेव्हा खालच्या बेकरीतून पाव घेऊन नुकताच घरी पोचलो होतो.

*

उशिरा आलेल्या पेपरचे दहा मार्क कट, नाहीतर कारणाचा पुरावा हवा, हा शुक्लाजींचा नियम. एकाने लिहिलं, "बंदरावर बॉम्ब पडत होते, पोस्ट बंद होतं." खाली कॅप्टनची सही.

शुक्लाजींनी कागद परत पाठवला. "मुहर कहाँ है?"

*

अलीगंजचे अवस्थीजी दर सोमवारी स्कूटरवरून यायचे. रिटायर्ड हेडमास्तर. त्यांचा मुलगा विनोद टँकरवर होता. घरी पत्र म्हणून लिहायचा नाही, पण आमचा पेपर चुकवायचा नाही. अवस्थीजी लिफाफ्यावरचं अक्षर बघायचे, "हाँ, उसी का है," म्हणायचे, चहा घ्यायचे आणि जायचे.

एकदा प्रश्न होता: रात्री चालत्या टँकरवर कोणते दिवे लावावेत? विनोदसकट चौघांचं एकच उत्तर: "एकही नाही. दिवा दिसला की विमान येतं."

"नकल की है!" शुक्लाजी गरजले.

"सर, चौघं चार वेगळ्या जहाजांवर आहेत," मी हिंदीत समजावलं.

"तो? किताब में ऐसा कहाँ लिखा है?"

चौघांना भोपळा! मला शुक्लाजींचा मनापासून राग आला. पण परीक्षेत पुस्तकातलंच विचारतात, हेही खरं होतं. समोर बसून हे सगळं ऐकणाऱ्या अवस्थीजींनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

*

त्यानंतर दोन महिने विनोदचं काहीच आलं नाही. रेडिओवर कुठल्या ना कुठल्या टँकरची बातमी असायचीच. अवस्थीजी आता रोज येऊ लागले. शुक्लाजी सकाळी चारबागच्या पोस्टात जाऊन थैल्या उघडेपर्यंत उभे राहायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "सब्ज़ी लेने गया था."

एका दुपारी लिफाफा आला. कोर्सचा शेवटचा पेपर. अवस्थीजींनी तो दोन्ही हातांत धरला, अक्षर पाहिलं, तारीख पाहिली आणि खुर्चीत बसून रडले. माझेही डोळे भरून आले. शुक्लाजींनी तिथल्या तिथे पेपर तपासला.

"बधाई हो, अवस्थीजी! विनोद पास! कोर्स ख़त्म, अब कोई पेपर नहीं!"

अवस्थीजींनी डोळे पुसले. जरा विचार केला.

"शुक्लाजी, फेल कर दीजिए."