ज्योतीचा घरचा सर्व्हर

आमच्या बोरगाव मेघेच्या गल्लीत कोणाकडे नवीन वस्तू आली, की महिनाभरात तिचे दहा किस्से होतात. वस्तू एक, अन् हात लावणारे सतरा! शेजारच्या ज्योतीनं स्वतःची वेबसाइट घरीच सुरू केली, तेव्हापासूनचे तर माझ्याच पोटात मावेनासे झालेत. माझं घर तिच्या भिंतीला लागून. ऐकू येतं, त्याला मी काय करू?

* * *

ज्योती आणि तिची सासू गंगाबाई सरगुंडे विकतात. कणकेची बारीक पट्टी काडीवर वळून वाळवायची, मान मोडून येते. ज्योतीनं वर्ध्यातल्या एका वेबसाइटवाल्याकडून साइट करून घेतली. सरगुंडे वळतानाच्या तिच्या हातांचे फोटो सुंदर टाकले त्यानं. पण सहा महिने झाले, एक ऑर्डर नाही.

शेवटी मीच म्हटलं, थांब, मी गिऱ्हाईक होऊन पाहते. साइटवरचा नंबर लावला, तर उचलला त्या वेबसाइटवाल्यानं! म्हणे, सरगुंडे पाहिजेत ना, आमच्या घरी माझ्या वहिनी करतात, पाठवून देतो.

ज्योती तरातरा त्याच्या दुकानात गेली, मीही मागोमाग. नंबर बदलून दे म्हटलं, तर म्हणतो कसा, साइटचं नाव माझ्या खात्यावर आहे, तुमचं त्यात काहीच नाही.

"फोटो माह्या हाताचे," ज्योती म्हणाली, "अन् मालक तू?"

माझ्या हातात पिशवी होती. त्यात नारळ होता. मी स्वतःला आवरलं, एवढंच सांगते.

* * *

मग तिनं ठरवलं, सगळं आपलं आपणच करायचं. महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकली. साइटचं नवं नाव घ्यायचं, तर त्याच्या फॉर्मवर मालकाचं नाव लिहावं लागतं. गंगाबाई म्हणाल्या, घर विलासच्या नावावर, गाडी विलासच्या नावावर, हेही पोराच्याच नावानं टाक.

मला असा राग आला! ज्योतीचा नवरा विलास जाम गावी टायरच्या दुकानात असतो. त्यानं जन्मात एक काडी वळली नाही.

ज्योती शांतपणे म्हणाली, "आई, सरगुंडे कोण वळते?"

गंगाबाईंनी विचार केला. "मी बी तं वळतो," त्या म्हणाल्या. "मंग विलासचं काऊन टाकून राह्यली तू?"

* * *

बंद पडलेल्या नेट कॅफेतला जुना कॉम्प्युटर आणून बैठकीतल्या पेटीवर ठेवला. साइट त्याच्यातच राहते, म्हणून तो चोवीस तास सुरू पाहिजे. ज्योतीनं बटणावर कागद चिकटवला: बंद करू नये.

विलास घरी आला की चप्पल काढायच्या आधी ते बटण बंद करायचा. रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला तरी त्याला झोप येत नाही. ज्योतीनं विचारलं, कागद वाचत नाही का? तर म्हणाला, "अंधारात कोण वाचते?" घरातले दिवेही यानंच बंद केलेले!

* * *

आता माझ्यावरही आळ आहे, तो सांगूनच टाकते. ही सगळी मंडळी सिंदी मेघेला लग्नाला गेली होती. किल्ली माझ्याकडे. भरदुपारी आभाळ काळं झालं, वीज कडाडली. वीज कडाडली की पिन काढायची, हे आमच्या गल्लीत लहान लेकरालाही समजतं. मी धावत जाऊन त्यांच्या टीव्हीची काढली, फ्रिजची काढली, कॉम्प्युटरचीही काढली. वर चादर झाकली.

संध्याकाळी ज्योतीनं माझे आभार मानायचे, की तोंड पाडायचं? "काकू, दुपारभर साइट बंद होती," म्हणते. अगं, जळली असती तर जन्मभर बंद राहिली असती! दोन दिवस मी तिच्याकडे चहा घेतला नाही.

* * *

ज्योतीनं विलासला सांगितलं, साइटची सगळी नक्कल पेनड्राइव्हमध्ये घे आणि दुसऱ्या जागी ठेव. कॉम्प्युटरला काही झालं तर कामात येईल.

त्यानं ठेवली. कुठे? त्याच कॉम्प्युटरखालच्या पेटीत. म्हणे, "शोधाले सोपं."

* * *

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुण्याच्या एका बाईचा फोन आला. त्यांच्या सोसायटीत विदर्भातल्या चाळीस घरांना दिवाळीसाठी सरगुंडे पाहिजे होते. उद्या सकाळी साइट बघून ऑर्डर देते म्हणाली. पण जुन्या साइटवरच्या नंबरवर वर्ध्याच्या एका माणसानं तिला सांगितलं होतं, ती घरगुती साइट आहे, केव्हाही बंद पडते, आमच्या वहिनींकडून घ्या. तोच तो! ज्योती दिवसभर जेवली नाही. एवढी मोठी ऑर्डर तिनं कधी पाहिली नव्हती.

दसऱ्याला सकाळी ती रांगोळी घालून आत आली, तर कॉम्प्युटर बंद. त्यावर हळद-कुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पानं. गंगाबाईंनी कोयता, काड्या आणि कॉम्प्युटर, तिन्हींची पूजा मांडली होती.

ज्योती बटणाकडे धावली, तर गंगाबाई आडव्या. "पूजेतल्या वस्तूले आज हात लावाचा नाई. पोळ्याले बैल जुंपते का कोणी?"

मी ज्योतीच्या बाजूनं भांडले. विलासनं आईची बाजू घेतली, मग बायकोची घेतली, मग बाहेर गेला. तेवढ्यात पुण्याचा फोन वाजला. साइट उघडत नाही, ते गृहस्थ म्हणत होते ते खरंच का?

गंगाबाईंनी ज्योतीच्या हातून फोन हिसकला.

"आज दसरा हाय, बाई. मशीन पूजेत बसली. आज तिले सुट्टी. उद्या येजो."

पलीकडून ती पुण्याची बाई हळूच म्हणाली, "आजी, आमच्याकडेही माझा लॅपटॉप पूजेत आहे. मी सासूबाईंच्या नकळत मोबाईलवरून बघत होते."

"मंग तोही ठेव पूजेत," गंगाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीनं माळ बाजूला करून बटण दाबलं. पहिली ऑर्डर पुण्याची. चाळीसच्या जागी पंचेचाळीस घरं. पत्त्याखाली लिहिलं होतं: आजींना सांगा, मोबाईलही ठेवला होता.